खिंड कोण बंद करणार

लीन्डरवेर्ट, ९ जानेवारी

बाबा,

पाणी चढलं तर खिंड कोण बंद करणार? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि सध्या मला दुसरं काही सुचतही नाही.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचंच असेल तर आधी मिन आत्याला वाचू द्या. तिच्या त्या माळरानावर डबक्यापलीकडे पाणी बघायला मिळत नाही. तिला नदीची खबर आवडेल.

परवा ऑफिसात नवी आलेली मुलगी विचारत होती, खिंड म्हणजे नक्की काय. मी सांगितलं की आमच्या गावचा रस्ता मास नदीच्या बांधातून बाहेर पडतो, तिथे बांधात मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा म्हणजे खिंड. एरवी तिच्यातून गाड्या, सायकली, गाई जातात. नदी फुगली की दोन्ही बाजूंच्या दगडी खाचांत ओकच्या तुळया एकावर एक सरकवायच्या, अशा दोन रांगा, आणि मधल्या पोकळीत शेणखत ठासून भरायचं. मग बांध सलग होतो आणि आमची खालची गल्ली कोरडी राहते. ती म्हणाली, "आणि हे करतं कोण?" मी म्हटलं, "माझे बाबा करायचे." "आणि आता?" मी कॉफी आणायला उठले.

आता समिती आहे. खालच्या गल्लीतलं प्रत्येक घर, आणि बांधाबाहेर टेकाडावर राहणारी टोसमावशी. बैठक तिच्याच कॅफेच्या मागच्या खोलीत होते. प्रत्येकाला एक कप कॉफी, एक बिस्किट, आणि लगेच डब्याला झाकण. श्येफकाका अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले तरी वर्ग घेतल्यासारखे एकेकाला बोलायला लावतात. काल सगळे बोलले. सगळ्यांचं एकमत झालं: खिंड वेळेत बंद व्हायला हवी. वृत्तांत मी लिहिते, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

मी विचारलं, "वेळेत म्हणजे कधी?"

"वेळ आली की," श्येफकाका म्हणाले.

"आणि कोण?"

टोसमावशी कपबश्या गोळा करायला लागली. मग श्येफकाका हसून म्हणाले, "आपण सगळे, पोरी. म्हणून तर समिती आहे."

"विद्यापीठात गेलेल्या माणसाला सगळं नावगावासकट लागतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसले.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. ती घेताना मी काय शिकले ते तुम्हाला सांगितलं होतं, आठवतंय? बैठक संपताना काय, कोण आणि केव्हा हे ठरलं नसेल तर बैठक झालीच नाही असं समजायचं. तुम्ही म्हणालात, "तीन शब्द शिकायला चार वर्षं?" पण समारंभासाठी तुम्ही नवा कोट शिवून घेतला होता. मग मी नदी आणि बांध बघणाऱ्या जलमंडळात नोकरी धरली, ज्यांनी तुमच्याकडून तुळयांच्या कोठीची किल्ली काढून घ्यायला लावली त्यांच्याकडेच, आणि तुम्ही तो कोट कपाटात ठेवून आत्याकडे निघून गेलात.

मी तुमच्याशी भांडायला लिहीत नाही. नदी अजून खाली आहे. मी ठीक आहे.

लिडी


२१ जानेवारी

बाबा,

तुमचं उत्तर नाही. आत्याचं कार्ड आलं, त्यावर बदकाचं चित्र आणि "पत्र मिळालं" एवढंच. म्हणजे फाडलेलं नाही.

शनिवारी सराव झाला. खिंडीशेजारची नेल आजीसुद्धा काठी टेकत दारापर्यंत आली होती बघायला. माणसं भरपूर जमली, सगळे वेळेवर, सगळे रबरी बूट घालून. तुळयांच्या कोठीपाशी उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघायला लागलो. किल्ली कुणीच आणली नव्हती. किल्ल्या तीन आहेत, तुमच्यानंतर मुद्दाम तीन केल्या, एकाच माणसावर अवलंबून राहायला नको म्हणून. श्येफकाकांना वाटलं ट्रॅक्टरवाला गील आणेल. गीलला वाटलं टोसमावशी आणेल. टोसमावशीला वाटलं, अध्यक्ष आहेत म्हटल्यावर तेच आणतील.

"आता परत कोण जातंय घरी," टोसमावशी म्हणाली. "चला, कॉफी घ्या."

सगळे कॉफीला गेले. हवा छान होती. मी मात्र खिंडीच्या दगडी उंबऱ्यावर उभी राहून खाली नदीकडे बघत राहिले. नेल आजी दारातून ओरडली, "झाली का गं बंद?" मी म्हटलं, "आज नुसता सराव, आजी." ती म्हणाली, "मला काही आवाज आला नाही तुळयांचा. तुझा बाप लावायचा तेव्हा माझ्या कपाटातल्या बश्या वाजायच्या."

कॅफेत मी एक गोष्ट केली. किल्ली, तुळया, खत, ट्रॅक्टर, डॉक्टर आणि बसवाल्यांना कळवणं, अशी कामं कागदावर मांडली आणि प्रत्येक कामापुढे मला योग्य वाटलं ते नाव लिहिलं. कागद टेबलावर फिरवला. तो फिरून माझ्याकडे परत आला. कुणी होकाराची खूण केली नव्हती, कुणी काही खोडलंही नव्हतं. गीलने तर तो नुसता पुढे सरकवला, स्वतःचं नाव न वाचता.

टोसमावशीने मला बाजूला घेतलं. "लिडी, चारचौघांत माझं नाव लिहून माझ्यापुढे ठेवतेस? मी काय तुझी मोलकरीण आहे? इथे ज्याला करावंसं वाटतं तो करतो. कुणी कुणाला नेमत नाही. तुझा बाप कुणाला विचारायचा नाही, आणि तू हुकूम सोडतेस. तुमच्या घराण्यातच आहे ते."

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. तिचं नाव लिहिण्याआधी मी तिच्याशी बोलायला हवं होतं.

वृत्तांतात मी लिहिलं: सराव समाधानकारक. श्येफकाकांनी सांगितलं तसं. हे तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

लिडी


४ फेब्रुवारी

बाबा,

नदी चढते आहे. घाबरण्यासारखं नाही, कुरणातल्या कुंपणाचे खांब अर्धे बुडालेत इतकंच. पण वर आर्डेनच्या डोंगरांत बर्फ वितळतोय आणि त्यावर पाऊस लागलाय. ऑफिसात रोज सकाळी अंदाजाची वक्ररेषा येते आणि रोज ती कालच्यापेक्षा थोडी वर असते. कार्निव्हलच्या रविवारच्या आसपास पाणी उंबऱ्याला लागेल असं तिच्यात दिसतं. लागेलच असं नाही. कदाचित वीतभर खाली थांबेल.

एवर्टसाहेबांना मी म्हटलं, गावाला आपण सांगू या, बंद करा म्हणून. ते म्हणाले, "पोरी, आपण पाण्याची पातळी सांगतो. बंद करायचं का नाही ते गावाचं. जुना करार आहे." मी करार काढून वाचला. समितीचा कोणताही सभासद खिंड बंद करू शकतो, असं त्यात आहे. आपलं घर खालच्या गल्लीत आहे, म्हणजे मीही सभासद आहे. इतरांना हे ठाऊक नाही असं नाही. पण बंद केली आणि पाणी आलंच नाही तर काय होतं, ते या गावाने एकदा बघितलंय.

बाबा, त्याबद्दल आता लिहिते. तुम्हाला वाटतं की पाणी आलं नाही म्हणून गाव तुमच्यावर हसलं आणि हसता हसता किल्ली काढून घेतली. हसले, हे खरं. तुम्हाला वर्षभर "कोरडा नोआ" म्हणत होते, बायबलातल्या नोआसारखं महापुरासाठी तारू बांधलं आणि पाणीच आलं नाही म्हणून. पण किल्ली त्यासाठी गेली नाही. तुम्ही पहाटे एकट्याने खिंड बंद केलीत आणि कुणाला कळवलं नाहीत. त्याच पहाटे गीलच्या बायकोला कळा सुरू झाल्या. सुईण गाडी घेऊन खिंडीपाशी आली तर समोर तुळया. तिला पुढच्या पुलावरून वळसा घालून यावं लागलं. तोवर गीलने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात बाळंतपण केलं होतं. पोर जगली, आता शाळेत जाते. पण गील तेव्हापासून आपल्या दारावरून जाताना मान वळवतो, आणि ट्रॅक्टर आणि शेणखत गावात फक्त त्याच्याकडे आहे.

तुमचा अंदाज चुकला म्हणून मला वाईट वाटलं नाही. तुम्ही एकटे गेलात याचं वाटलं.

झोप लागते का, असं आत्याने कार्डावर विचारलंय. लागते म्हणून सांगा. खरं म्हणजे मी पहाटे उठून खिडकीतून नेल आजीचा दिवा लागलाय का बघते. तिला जिना चढता येत नाही. पाणी गल्लीत शिरलं तर ती कुठे जाईल, हे कुठल्याच बैठकीत कुणी बोललेलं नाही.

लिडी


१३ फेब्रुवारी

बाबा,

काल तातडीची बैठक झाली. यावेळी डब्यातलं दुसरं बिस्किट मिळालं, यावरून काय ते समजा.

मी आकडे वाचून दाखवले. पाणी रविवारी संध्याकाळी उंबऱ्याला लागू शकतं. रविवारी दुपारी कार्निव्हलची मिरवणूक. चित्ररथ सगळे बांधाबाहेरच्या गोदामात, टोसमावशीच्या कॅफेशेजारी. तिथून निघून खिंडीतून आत चर्चपर्यंत यायचे. शाळेतली सगळी पोरं त्यांच्यावर. खिंड बंद झाली तर मिरवणूक नाही, आणि टोसमावशीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकणार नाही.

सगळे रीतसर एकेक करून बोलले. कुणी म्हणालं, पोरं महिनाभर कागदाचे मासे चिकटवतायत. कुणी म्हणालं, अंदाज नेहमी जास्तच सांगतात, म्हणजे चुकले तर ठपका नको. "पुन्हा कोरडा नोआ व्हायला नको," एकाने म्हटलं, आणि मग माझ्याकडे बघून, "तुला नाही गं म्हणालो." शेवटी श्येफकाकांनी टेबलावर तळवे ठेवले. "तर मग आपलं एकमत आहे. सज्ज राहायचं, आणि मिरवणुकीनंतर पुन्हा बसून बघायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा, मीसुद्धा डोलावली. मिरवणुकीनंतर म्हणजे सगळे मासे, खेकडे आणि राजे बनून बिअर प्यालेले, आणि त्यांनी पाण्यात उभं राहून ओकच्या तुळया उचलायच्या. खोलीतल्या प्रत्येकाला हे कळत होतं. पण खोलीतला प्रत्येक जण सगळ्यांच्या वतीने बोलत होता. एकटा कुणी बोलतच नव्हता.

आज सकाळी मी कागद न घेता निघाले. आधी गीलकडे गेले. तो गाईंना चारा टाकत होता, त्याने मान वळवलीच. मी फाटकाबाहेर उभी राहून म्हटलं, "गीलदादा, उद्या खिंड बंद करावी असं मला वाटतं. तू ट्रॅक्टर आणि खत घेऊन येशील का? तूच. समिती नाही."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. "पाणी आलं नाही तर?"

"तर माझ्यावर हसतील."

"हसतीलच." त्याने बुटाला लागलेलं शेण फाटकाच्या खांबाला पुसलं. "तुझ्या बापाने त्या पहाटे माझं दार वाजवलं असतं ना, तर मी गेलो असतो त्याच्याबरोबर. बायकोच्या कळा तेव्हा सुरू झाल्या नव्हत्या. आम्ही दोघांनी मिळून तुळया लावल्या असत्या, आणि सुईणीला आधीच आत बोलावून घेतलं असतं. इतकी वर्षं मी कशावर रागावलोय असं वाटतं तुला? त्याने बंद केली यावर?"

मी फाटक उघडून आत गेले.

"किती वाजता?" तो म्हणाला.

"सकाळी चित्ररथ आत आणायचे. दुपारी बंद करायची."

"चित्ररथ आत? हे टोसला सांगितलंस?"

"आता जातेय."

"मग बूट घट्ट बांध," गील म्हणाला.

टोसमावशीकडे काय झालं ते सगळं लिहीत नाही. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "बिअरची पिंपं मी तुझ्या डोक्यावरून आत नेऊ का?" मी म्हटलं, गीलचं गोठ्यामागचं कोठार रिकामं आहे, टेबलं आम्ही लावू, रविवारी कॅफे तिथे भरवा. ती म्हणाली, "शेणाच्या वासात?" मग बराच वेळ खिडकीतून नदीकडे बघत राहिली. टेकाडावर असली तरी पाणी तिला आमच्या आधी दिसतं. "मला कुणी कधी सरळ विचारलंच नाही," ती म्हणाली, "बंद केली तर माझं काय होईल म्हणून. नुसतं आपण, आपण."

शेवटी श्येफकाका. "डॉक्टर, सुईण आणि बसवाल्यांना तुम्ही आजच फोन करून सांगाल का?"

"मी अध्यक्ष आहे, लिडेवाय. तू मला काम सांगते आहेस?"

"हो, काका."

त्यांनी चष्मा पुसला. एकदा पुसला, परत पुसला. "सुईणीचा नंबर बदललाय," ते म्हणाले. "नवा माझ्याकडे आहे."

एवर्टसाहेबांनाही सांगितलं, मी गावकरी म्हणून करते आहे, ऑफिस म्हणून नाही. ते म्हणाले, शनिवारी मी फोन बघत नसतो.

उद्याची मला भीती वाटते. आज सगळे हो म्हणाले आहेत, पण सकाळी गील आला नाही तर? टोसमावशीने मन बदललं तर? तुळया मला एकटीला उचलणार नाहीत. तुम्हाला तेव्हा काय वाटलं असेल, ते आज पहिल्यांदा कळतंय.

लिडी


१४ फेब्रुवारी

बाबा,

गील सगळ्यांच्या आधी आला. त्याच्याबरोबर त्याची पोरगी होती, तीच, माशाच्या पोशाखात. चित्ररथ ट्रॅक्टरला जोडून एकेक आत आणले. मोठ्या खेकड्याची नांगी खिंडीच्या दगडाला घासून तुटली, ती गोंदाने चिकटवायचं काम शाळेच्या बाईंनी घेतलं. टोसमावशीने पिंपं हलवली आणि कोठारात शिरताच म्हणाली, "या वासाचे पैसे गिऱ्हाइकाला परत द्यावे लागतील." किल्ली तिनेच आणली होती. बाकीच्या दोन किल्ल्याही आल्या. यावेळी तिघांनाही लाज वाटली म्हणून.

मी गल्लीत दारोदार गेले होते, आणि जो आला तो आपल्या नावाने आला. कुणाला काय करायचं आहे ते त्याला आधीच माहीत होतं. त्यामुळे बोलणं फार झालं नाही. बाबा, बैठकीत इतकं बोलणारी ही माणसं काम करताना किती गप्प असतात, हे मला माहीतच नव्हतं. पहिली तुळई खाचेत बसली तेव्हा नेल आजीच्या घरातून बश्यांचा आवाज आला, आणि तिने खिडकी उघडून टाळी वाजवली. तिला आम्ही आजपासून श्येफकाकांच्या घरी नेऊन ठेवलंय. त्यांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला उंचावर आहे, आणि पलंग तळमजल्यावरच. ती म्हणाली, मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदाच जातेय, पाढे विचारणार नाहीत ना?

श्येफकाका वर उभे राहून ज्यांना ज्यांना फोन केले त्यांची नावं मोठ्याने वाचत होते. सुईणीचं नाव वाचलं तेव्हा गीलने खताचं फावडं क्षणभर थांबवलं, मग परत भरायला लागला.

पाणी अजून उंबऱ्याच्या खाली आहे. नदी करडी आहे आणि तिच्यावरून आख्खी झाडं वाहून जातायत, पण ती अजून खालीच आहे. उद्या ती वर येईल की तिथूनच परत फिरेल, ते मला आत्ता सांगता येत नाही. परत फिरली तर यंदा नोआ पुष्कळ असतील, आणि हसायला गावात फारसं कुणी उरणार नाही.

पाणी ओसरलं की तुळया काढाव्या लागतील. त्यासाठी एक माणूस कमी पडतोय. गील म्हणाला, "विचार त्याला." म्हणून विचारते, तुम्हाला, तुमच्या नावाने: याल का? नाही म्हणालात तरी चालेल. मात्र नाही म्हणा, गप्प राहू नका.

काम संपल्यावर सगळे कोठारात कॉफीला गेले. मी मागे राहिले. तुळयांच्या कोठीच्या दारावर तो काळा फळा आहे, तुम्हीच लावलेला, ज्यावर खिंड कधी आणि कुणी बंद केली ते लिहायचं. सरावाच्या दिवशी तिथे "समिती" लिहिलं होतं. ते मी बाहीने पुसलं. तारीख लिहिली. पुढे माझं नाव लिहिलं, पूर्ण, तुमच्या आडनावासकट.

लिडी